लाल अक्षरं वाचतं कोण

आमच्या कारखान्यात रोबोटचा हात येणार, ही बातमी साहेबांनी आम्हाला पेढे वाटून दिली. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या गाळ्यात माझी एकोणीस वर्षं झाली होती, आणि साहेबांच्या हातून पेढा मिळायची ही चौथी वेळ. आधीचे तिन्ही पेढे त्यांच्या मुलांच्या निकालाचे होते. त्यामुळे पेढा तोंडात टाकतानाच माझ्या मनात आलं, की या वेळी नापास कोण होणार आहे?

एका लांबट टेबलाभोवती आम्ही सहा बायका बसायचो. डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली उचलायची, घडी घातलेल्या माहितीच्या कागदासकट खोक्यात सरकवायची, झाकण लावायचं, खोकं ट्रेमध्ये ठेवायचं. दिवसभर हेच. आता हे काम तो हात करणार होता. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, तसा हा प्रकार. फक्त हा तिखट होण्याआधीच त्याचे पेढे वाटले गेले.

"ताई, कोणी घाबरायचं नाही," साहेब म्हणाले. "रोबोट चालवायला माणूस लागणारच ना. सहापैकी दोघींना आपण त्याच्यावर ठेवू. बाकीच्यांना अ‍ॅडजस्ट करू."

अ‍ॅडजस्ट हा शब्द आमच्याकडे जुना आहे. चहाचं मशीन आलं तेव्हा चहावाल्यालाही अ‍ॅडजस्ट केलं होतं. तो पुन्हा कोणाला दिसला नाही.

दोघी निवडायच्या कशा, तर परीक्षा घेऊन. प्रत्येकीला एक पुठ्ठ्याचा खोका मिळाला. आत दोन चाकांची बशीएवढी गाडी, तिच्या पाठीवर सर्किटची एक हिरवी पट्टी, आणि एक केबल. घरच्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहायचा, केबलने तो गाडीत पाठवायचा आणि महिन्याभराने येणाऱ्या सल्लागार बाईंसमोर जमिनीवर चिकटवलेल्या काळ्या पट्टीवरून गाडी चालवून दाखवायची. पट्टी संपली की गाडी थांबली पाहिजे. "कॉम्प्युटर तर घरोघरी असतोच आता," असं म्हणून साहेब केबिनमध्ये गेले. दोघींनी खोका तिथेच परत केला. दोघींनी घरी नेऊन नातवंडांना खेळायला दिला. उरलो मी आणि माझ्या शेजारी बसणारी माझी मैत्रीण.

ही घाटकोपरची. मूळ विदर्भाकडचं बौद्ध कुटुंब, पण हिचा जन्म इथलाच आणि जीभही इथलीच. नवऱ्याची पाठ गेल्यापासून तिचं घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं. माझं तसं नव्हतं. माझ्या घरी पेन्शन येते. पण पेन्शनबरोबर पेन्शनरही घरी असतो, आणि त्याच्यासोबत चोवीस तास राहायची माझी तयारी नव्हती. म्हणजे नोकरी दोघींनाही हवी होती. तिला पोटासाठी आणि मला डोकं ठिकाणावर राहावं म्हणून. तिच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. मी म्हटलं, "रविवारी मुलुंडला ये. आमच्याकडे आहे."

आहे म्हणजे काय, तर होता. लेकीच्या कॉलेजचे वर्ग घरून सुरू झाले तेव्हा घेतलेला तो लॅपटॉप. लेक लग्न होऊन पुण्याला गेली, लॅपटॉप इथे राहिला आणि त्याचा ताबा आमच्या ह्यांच्याकडे गेला. हे सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. ह्यांनी माझ्या जुन्या साडीचा त्याला अभ्रा शिवून घेतला. पडद्यावरचं दुकानातलं प्लॅस्टिक काढायची कोणाला परवानगी नाही. वीस मिनिटं चालला की "थंड होऊ दे त्याला" म्हणून झाकण बंद. भाताच्या कुकरलाही आमच्या घरात इतकी विश्रांती मिळत नाही.

लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला तेव्हा त्याने नाव विचारलं होतं. दुकानदार काहीतरी टाकायला लागला, तर ह्यांनी त्याचा हात धरला. घरी आणून, कालनिर्णय बघून, चांगल्या दिवशी ह्यांनी मराठी अक्षरांची सोय करून घेतली आणि एका बोटाने पाऊण तास खपून नाव टाकलं: ॥ श्री कुलस्वामिनी प्रसन्न ॥. हसण्यासारखं त्यात मला काही वाटलं नाही. आमच्या घरात श्री लिहिल्याशिवाय कशाचीच सुरुवात होत नाही. वही असो, लग्नाची पत्रिका असो. वाण्याच्या यादीत मी साबुदाण्याच्या डोक्यावरसुद्धा श्री लिहिते. मी तेव्हा उलट म्हटलं होतं, "छान शोभतंय."

पहिल्या रविवारी मैत्रीण आपला खोका आणि डब्यात सुकटीची चटणी घेऊन आली. गाडीचा प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर इंटरनेटवरून फुकट उतरवायचं होतं. फुकट शब्द ऐकताच ह्यांनी चष्मा लावला. "फुकट म्हणजे व्हायरस. कोण देतं आजकाल फुकट?" मग मोबाइलचं नेट जोडून ते उतरवायला घेतलं. पडद्यावरची पट्टी नव्याण्णव टक्क्यांवर येऊन बसली ती बसलीच. मध्ये दोनदा लॅपटॉपला थंड करण्यात आलं. चार वाजता एकदाचं सगळं बसलं. कागदावर लिहिल्याप्रमाणे आधी एक सोपा प्रोग्रॅम करायचा होता, गाडीवरचा दिवा उघडमीट करायचा. मी श्वास रोखून बटण दाबलं.

दिवा लागला नाही. पडद्याच्या खालच्या अंगाला मात्र पाच-सहा ओळी लाल अक्षरं आली, इंग्रजीत.

"बंद कर! बंद कर आधी!" हे ओरडले, आणि माझ्या हातावरून हात घालून ह्यांनीच ते बंद केलं. स्वयंपाकघरात पाल दिसल्यावर माणूस जसा दार लावून घेतो, तसं. पुन्हा करून बघितलं. पुन्हा लाल. पुन्हा बंद. संध्याकाळपर्यंत आम्ही ती अक्षरं नऊ वेळा पाहिली आणि एकदाही वाचली नाहीत.

मग सल्ले सुरू झाले. मुंबईत पाणी एक वेळ येणार नाही, पण सल्ला चोवीस तास असतो. आमच्या चौथ्या मजल्यावर एक गृहस्थ आहेत. ते सगळ्या बिल्डिंगची गॅसची बुकिंगं करून देतात, म्हणून कॉम्प्युटरचे जाणकार. त्यांनी केबल नाकाजवळ नेली, उलटी केली आणि निदान केलं, "चायनाची आहे." केबल चायनाचीच होती, गाडीही होती, आणि त्यांच्या हातातला मोबाइलही. त्यांचा चहा होऊन गेला.

पवईला काचेच्या इमारतीत नोकरी करणारा माझा पुतण्या आहे. त्याला व्हिडिओ कॉल लावून पडदा दाखवला. तो म्हणाला, "काकू, ड्रायव्हरचा इश्यू असणार. टाकून बघा ना," आणि मीटिंगला गेला. ड्रायव्हर म्हणजे जोडलेलं यंत्र कॉम्प्युटरला ओळखता यावं म्हणून टाकायचं आणखी एक सॉफ्टवेअर, हे मला दोन दिवसांनी कळलं. आम्ही एक सोडून तीन टाकले. त्यातल्या एकाबरोबर कोपऱ्यात रमी खेळायची जाहिरात आली, ती हलेना. लाल अक्षरं होती तिथेच होती.

"वाट लागली यार आपली," मैत्रीण कारखान्यात म्हणाली. "दोन आठवडे गेले ना फुकट."

मग ह्यांनीच शेवटचा उपाय काढला. लॅपटॉप अभ्र्यासकट पिशवीत घालून स्टेशनजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने फॉरमॅट सुचवला. म्हणजे आतलं सगळं पुसून कोरी पाटी करायची. हे काउंटरवर हात टेकून दीड तास उभे. पाटी कोरी झाली, लॅपटॉपने नाव विचारलं. दुकानदार म्हणाला, "अंकल, कुछ भी डाल देते हैं." मागे माणसं खोळंबली होती. हे म्हणाले, "कुछ भी कसं डालणार? सरका." आणि मराठी अक्षरं चालू करायला लावून, सगळ्यांना थांबवून, एका बोटाने: ॥ श्री कुलस्वामिनी प्रसन्न ॥. घरी आले तेव्हा चेहऱ्यावर काशीहून आल्याचं समाधान होतं. रमी गेली होती. सॉफ्टवेअर पुन्हा उतरवलं, आणि लाल अक्षरं पहिल्याच फटक्याला परत आली.

तिसऱ्या रविवारी आमटी-भात जेवून हे आत आडवे झाले होते. आम्ही दोघीच हॉलमध्ये. मी बटण दाबलं, लाल अक्षरं आली, आणि सवयीने मी ती बंद करायला हात पुढे केला. मैत्रिणीने माझं मनगट धरलं.

"थांब ना जरा. काय म्हणतोय ते तरी बघू."

"इंग्रजी आहे गं ते."

"मग? इंग्रजी काय चावतंय?"

ती नववीत शाळा सोडलेली. इंग्रजी एकेक अक्षर जोडून वाचते. पण वाचते, हे खरं. एकोणीस वर्षं आम्ही औषधाचा तो घडीचा कागद लाखांनी खोक्यात भरला, आणि सहा जणींत तो पूर्ण वाचलेली ती एकटी. कुठल्या थेंबाने काय जळजळ होते हे तिला आमच्या साहेबांपेक्षा जास्त माहीत. तिने पडद्यावरच्या प्लॅस्टिकवर बोट ठेवलं आणि गव्हातले खडे वेचावेत तसा एकेक शब्द घेत निघाली. चौथ्या ओळीत बोट थांबलं.

"इथे सी लिहिलंय. मग युजर्स. मग बघ, नुसती प्रश्नचिन्हं. ही एवढी ओळभर. मग परत नीट अक्षरं."

"असतील."

"असतील काय? उगाच कोणी इतके प्रश्न विचारतं का?" तिने माउस हातात घेतला. सी उघडलं, त्यात युजर्स उघडलं. आत एक पिवळी फाइल-पेटी होती आणि तिच्यावर ह्यांचं एका बोटाचं काम झळकत होतं. ती पेटीकडे बघायची आणि मग लाल ओळीकडे. मग माझ्याकडे बघून, आवाज अगदी खाली आणून ती म्हणाली, "अगं, ह्याला तुमचा श्री वाचता येत नाहीये."

भानगड एवढीच होती. गाडीत प्रोग्रॅम पाठवणाऱ्या त्या सॉफ्टवेअरला कामासाठी मालकाच्या नावाच्या पेटीतून जावं लागतं, आणि त्या बापड्याला फक्त इंग्रजी अक्षरं कळतात. मराठी दिसलं की ते दारातच अडून बसायचं. हे ते बिचारं पहिल्या दिवसापासून लाल अक्षरांत सांगत होतं, आणि आम्ही दार लावून घेत होतो.

मला पहिल्यांदा हसू आलं, मग राग आला, तो स्वतःचाच. पुतण्याने व्हिडिओवर तोच पडदा पाहिला होता. चौथ्या मजल्याने पाहिला, दुकानदाराने पाहिला. श्री सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता आणि कोणालाच दिसत नव्हता, कारण आमच्यासाठी तो लिहिलेला मजकूर नव्हताच, तो असायचाच. माझ्या मैत्रिणीच्या घरी चांगल्या कामाची सुरुवात वंदना म्हणून होते, श्री लिहून नाही. म्हणून तिने तो वाचला.

हे उठले. मी सांगितलं. ह्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे आता देवीला काढायचं घरातून? एका खेळण्यासाठी?"

"खेळणं नाही हो, नोकरी आहे माझी," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

मैत्रीण मध्ये पडली. "भावजी, काढायचं कशाला? देवीची खोली तशीच राहू दे. बाजूला एक छोटी खोली काढू. आमचा पसारा तिथे."

"म्हणजे स्वतंत्र फाइल," हे म्हणाले. हेडक्लार्क जागा झाला. स्वतंत्र फाइलीला ह्यांनी आयुष्यात कधी नाही म्हटलेलं नाही. नवीन खातं उघडायला घेतलं. नाव इंग्रजीत हवं, मध्ये जागा नको, त्या उभ्या रेघांचे दंड नकोत, हे तिने बजावून सांगितलं. ह्यांनी डोळे मिटले, क्षणभर विचार केला आणि एका बोटाने टाकलं: shree.

"भाव महत्त्वाचा," हे म्हणाले. "लिपीचं काय?"

या माणसाने तीन रविवार आणि दुकानातला दीड तास खाल्ला होता. मी नव्या खात्यातून बटण दाबलं, आणि गाडीवरचा दिवा उघडमीट व्हायला लागला. आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडलो. हे गॅलरीत जाऊन वर चौथ्या मजल्याला ओरडून सांगत होते, "झालं सुरू! नावातच गडबड होती. मी बदललं!"

उरलेले दिवस आमच्या हॉलमधल्या फरशीवर काळी चिकटपट्टी होती, दिवाणाखालून टीव्हीपर्यंत. ह्यांना तिच्यावर पाय द्यायला बंदी. प्रोग्रॅम आम्ही पुस्तिकेतून उतरवला, मग त्यातले आकडे बदलत बसलो. माझी गाडी वळणावर हट्ट करायची, पट्टी सोडून थेट चपलांच्या स्टँडकडे. तिची गाडी वळणाआधीच हळू व्हायची. कसं केलंस विचारलं, तर म्हणाली, "वळायच्या आधी आपण पण बघतोच ना जरा?" एवढंच तिचं शास्त्र.

परीक्षेच्या दिवशी कारखान्यातली ट्रेची रांग बाजूला सारून पट्टी चिकटवली होती. सल्लागार बाई जीन्स घातलेल्या, गोड बोलणाऱ्या, हातात टॅब. मैत्रिणीची गाडी पहिल्याच खेपेला सरळ गेली, वळली, पट्टी संपताच थांबली. बाईंनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा तसंच. टाळ्या झाल्या. माझी गाडी दोनदा भरकटली आणि तिसऱ्यांदा कशीबशी पोचली.

मग बाई टॅबवर फॉर्म भरायला लागल्या. साहेबांनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि त्या म्हणाल्या की सध्या दोन नाही, एकच जागा आहे. पुढे बघू. फॉर्ममध्ये शिक्षणाचा रकाना होता. दहावी पास किंवा त्यापुढे. मैत्रिणीचं नववी टाकलं तर रकाना लाल झाला आणि फॉर्म पुढे जाईना. बाईंनी दोनदा प्रयत्न केला. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "सॉरी ताई, सिस्टिम घेत नाहीये," त्या म्हणाल्या. माझं दहावी पास टाकलं. सिस्टिमने घेतलं.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. माझा कॉम्प्युटर हिने लावला, माझ्या गाडीतले निम्मे आकडे हिचे आहेत, एवढी दोन वाक्यं होती. मी बोलले नाही. मला हायसं वाटलं. नंतर लाज वाटली, अजून वाटते. पण आधी हायसंच वाटलं होतं. मैत्रीण गाडी खोक्यात भरत होती. म्हणाली, "अगं, दोघींतली एक तर राहिली ना. रडू नको आता, साहेब बघतोय."

हात आला तेव्हा तिचा शेवटचा आठवडा चालू होता. पांढरा, माणसाच्या हातापेक्षा थोडा लांब, टेबलाला बोल्टने आवळलेला. त्याला शिकवायची पद्धत सोपी होती: कोणीतरी तो हाताने धरून कामाच्या सगळ्या हालचाली एकदा करून दाखवायच्या. मी कॉम्प्युटरवर बसून त्या साठवायच्या. मग तो जन्मभर तेच करणार. साहेब म्हणाले, "ताई, तुमचा हात सगळ्यांत साफ. जायच्या आधी एवढं दाखवून द्या." हे त्यांनी तिला सांगितलं, माझ्यासमोर, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

तिने पदर खोचला आणि त्या यंत्राचं मनगट धरलं. बाटली उचलली. कागदासकट खोक्यात सरकवली. झाकण लावलं. मग बोट वाकवून करावी तशी त्याच्या टोकाने झाकणावर दोनदा हलकेच टकटक केली, आणि खोकं ट्रेमध्ये ठेवलं. ही तिची एकोणीस वर्षांची खोड. कामाच्या दृष्टीने त्या खोडीला काडीचा अर्थ नव्हता. सुपरवायझर त्यावरून ओरडायचा.

"ते कशाला केलंस?" मी हळूच विचारलं. "परत घेऊ का?"

"माझा हात असाच चालतो," ती म्हणाली. "घ्यायचा तर सगळा घे."

मी सेव्ह दाबलं.

आता टेबलावर आम्ही दोघंच असतो, मी आणि तो. प्रत्येक खोक्यावर तो दोनदा टकटक करतो. त्यात एक सेकंद वाया जातो, असं साहेबांनी मोजून काढलं आहे. ते काढून टाका म्हणून त्यांनी मला तीनदा बजावलं आहे. काढायला प्रोग्रॅममधल्या दोन ओळी पुसाव्या लागतात. त्या कुठल्या ते मला माहीत आहे. साहेबांना मी सांगितलं आहे, की ते निघत नाही.